शाखाधिकारी विरुद्ध हिटलर

बँकेतल्या माणसाला कलेच्या दरबारात कोणी बसायला पाट देत नाही. पोलीस, डॉक्टर, वकील, शाळामास्तर यांच्यावर नाटकं होतात, सिनेमे निघतात. बँकेतला माणूस पडद्यावर येतो तो फक्त दरोड्याच्या वेळी, आणि तोही हात वर करून. दरोडेखोराला नाव असतं, गाव असतं, लहानपणी झालेला एखादा अन्याय असतो. कॅशियरला फक्त दोन हात असतात. ते वर केले की त्याची भूमिका संपली.

त्यामुळे इंग्लंडात एक अशी विनोदी मालिका होऊन गेली की जिच्यात एका बँकेचा शाखाधिकारी, त्याचा हेडक्लार्क आणि एक पोरसवदा कारकून असे तिघे थेट हिटलरशी दोन हात करायला निघतात, हे कळलं तेव्हा माझं काय झालं म्हणून सांगू? गरीब घरच्या पोराला आपले एक चुलत आजोबा संस्थानात दिवाण होते असं अचानक कळावं, तसं झालं. मालिकेचं नाव ‘डॅड्स आर्मी’. मराठीत सांगायचं तर ‘बाबांची फौज’. ३१ जुलै १९६८ रोजी बीबीसीवर पहिला भाग लागला आणि १३ नोव्हेंबर १९७७ रोजी शेवटचा. नऊ हंगाम, ऐंशी भाग. आमचे साडू नोकरीनिमित्त काही वर्षं लंडनच्या बाजूला होते. परत येताना त्यांनी सगळ्यांना चॉकलेटं आणली आणि मला या मालिकेच्या डीव्हीडींचा डबा. म्हणाले, “घ्या, तुमच्या बँकेचंच आहे.” चॉकलेटं दोन दिवसांत संपली. डबा अजून पुरतोय. एव्हाना माझी तीन पारायणं झाली आहेत आणि आमच्या सौ.ना त्यातल्या खाटकाच्या आरोळीवरून कितवा भाग चालू आहे ते स्वयंपाकघरातून सांगता येतं.

आता ही फौज म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कारण आमच्या शाळेत दुसरं महायुद्ध जास्तीत जास्त पाच मार्कांना यायचं, आणि तेवढ्यात ही मंडळी बसत नव्हती.

मे १९४० मध्ये हिटलरचं सैन्य फ्रान्समध्ये घुसलं. आता पाळी आपली, असं इंग्लंडला वाटू लागलं. १४ मे रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून आवाहन केलं, की सतरा ते पासष्ट वयाच्या ज्या पुरुषांना सैन्यात जाता आलेलं नाही त्यांनी आपापल्या गावाच्या रक्षणासाठी नावं नोंदवावीत. सरकारचा अंदाज असा, की येतील थोडेफार लोक. पण भाषण संपायच्या आत पोलीस चौक्यांपुढे माणसं उभी राहिली म्हणतात. काही दिवसांतच अडीच लाख नावं झाली आणि जुलैअखेर आकडा दहा लाखांच्या वर गेला. आमच्याकडे नव्या योजनेचं परिपत्रक आधी येतं आणि फॉर्म तीन महिन्यांनी येतात, तसंच तिथं झालं. माणसं आली, पण गणवेश नव्हते, बंदुका नव्हत्या. दंडाला एक पट्टी बांधायची आणि घरात जे काही टोकदार असेल ते घेऊन यायचं. पुढे १९४१ मध्ये सरकारने लाखावारी भाले बनवायला सांगितले. भाले म्हणजे अक्षरशः लोखंडी नळीला जोडलेली संगीन. पुढून रणगाडे येणार, आणि आपण पानिपताच्याही आधीच्या तयारीत! या भाल्यांना इंग्रजीत ‘पाइक’ म्हणतात, आणि त्यांची बाजू पार्लमेंटात मांडणाऱ्या लॉर्डसाहेबांचं नाव होतं क्रॉफ्ट. गंमत बघा, आपल्या मालिकेतल्या पोरगेल्या कारकुनाचं नाव पाइक आणि मालिकेच्या दोन लेखकांपैकी एकाचं नाव डेव्हिड क्रॉफ्ट.

या दलाला नंतर ‘होम गार्ड’ असं नाव मिळालं. त्यात सतरा वर्षांची पोरं होती आणि पहिल्या महायुद्धात लढून आलेले म्हातारेही होते. डिसेंबर १९४४ मध्ये दलाचं काम थांबवलं गेलं. हिटलर काही आला नाही. म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी काउंटर उघडलं ते गिऱ्हाईक फिरकलंच नाही. लोकांनी नंतर त्यांची भरपूर टिंगल केली. पण या टिंगल करण्याजोग्या दलातले बाराशे सहा लोक कामावर असताना मेले, हाही आकडा खतावणीत आहे.

पुढे वीस-पंचवीस वर्षांत लोक हे सगळं विसरून गेले. जिमी पेरी नावाचा एक नट होता. तो स्वतः पोरवयात वॉटफर्डच्या होम गार्डात होता. १९६७ सालची गोष्ट. एकदा तो बकिंगहॅम राजवाड्यापुढे पहारा बदलतो ती कवायत बघायला गेला. एवढे झकपक सैनिक बघून त्याला आठवले ते आपले ढगळ कोटातले म्हातारे. घरी येऊन त्याने कागद काढला. हेतू अगदी शुद्ध होता: लिहायचं आपण आणि त्यात स्वतःला एक बऱ्यापैकी काम ठेवायचं. काळ्या बाजारवाल्या वॉकरची भूमिका त्याने स्वतःसाठी बेतली होती. क्रॉफ्टने संहिता घेतली, नटाला मात्र नकार दिला. मालिकेला पेरीने दिलेलं नाव होतं ‘फायटिंग टायगर्स’. बीबीसीच्या विनोदी विभागाचे प्रमुख मायकेल मिल्स यांनी ते बदलून ‘डॅड्स आर्मी’ केलं. साहेबलोकांनी केलेल्या दुरुस्तीने मूळ मसुदा सुधारल्याचं माझ्या पाहण्यात आलेलं हे एकमेव उदाहरण.

गावाचं नाव वॉल्मिंग्टन-ऑन-सी. हे गाव काल्पनिक आहे. तिथं स्वॅलो बँकेची शाखा. शाखाधिकारी जॉर्ज मेनवेअरिंग. हे नाव इंग्रजीत लिहितात ‘मेनवेअरिंग’ आणि उच्चारतात ‘मॅनरिंग’. अशा खातेदाराचं केवायसी करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. आपणही यापुढे मॅनरिंगच म्हणू. तर हे मॅनरिंगसाहेब बुटके, गोल, चष्मेवाले, छाती पुढे आणि त्याच्याही पुढे पोट. आवाहन ऐकल्याबरोबर ते गावकऱ्यांची सभा घेतात आणि स्वतःच स्वतःला कॅप्टन नेमून टाकतात. का? तर बँकेचा मॅनेजर आपणच आहोत म्हणून. यावर सभेत कोणी हरकत घेत नाही. कारण निम्म्या गावाचं ओव्हरड्राफ्टचं प्रकरण साहेबांच्या टेबलावर पडलेलं असणार, असा माझा व्यावसायिक अंदाज आहे.

त्यांचा सार्जंट म्हणजे त्यांचाच हेडक्लार्क, आर्थर विल्सन. आणि इथं खरी गोम आहे. साहेब साध्या शाळेतून, घासून-पुसून वर आलेले. हेडक्लार्क मात्र खानदानी. बड्या शाळेत शिकलेला, देखणा, मऊ बोलणारा, कशाचीच घाई नसलेला. रीतीप्रमाणे उमद्या माणसाला कॅप्टन करायचा आणि दुकानदारी चेहऱ्याच्याला सार्जंट. लेखकद्वयाने ते उलट केलं, आणि सगळी मालिका त्या उलटेपणावर चालली. कॅप्टन हुकूम सोडतो आणि सार्जंट अदबीने विचारतो, की साहेब, हे शहाणपणाचं होईल का? बस्स. एवढंच. त्या पाच-सहा शब्दांत साहेबाच्या खांद्यावरचे तिन्ही तारे गळून पडतात. हे दृश्य ऐंशी भागांत शंभरदा तरी येतं आणि मला शंभरही वेळा हसू येतं, कारण गेली वीस वर्षं मी ते रोज सकाळी साडेदहा वाजता बघतो आहे. फक्त आमच्या शाखेत ते हसू गालातल्या गालात संपवावं लागतं.

इंग्रज टीकाकारांनी मॅनरिंग आणि विल्सन यांच्यावर बरंच लिहिलं आहे. वर्गव्यवस्था, सामाजिक ताण वगैरे. ते सगळं बरोबर असेल. पण बँकेत नोकरी न केलेल्या माणसाला ते पूर्ण कळणार नाही असं माझं नम्र मत आहे. १९७०च्या एका भागात विल्सनला बढती मिळते. शेजारच्या ईस्टगेट गावात शाखाधिकारी म्हणून बदली, आणि वर तिथल्या पलटणीत अधिकारपद! मॅनरिंगसाहेबांचं तोंड उतरतं. निरोप घेताना दोघांना नीट बोलताही येत नाही. विल्सन आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या केबिनमध्ये जाण्याच्या तयारीला लागतो, आणि विमानहल्ल्यात ती शाखाच उडते. विल्सन मुकाट्याने परत आपल्या जुन्या टेबलाशी. हे बघून आमच्या शेजारचे प्राध्यापक खो खो हसले. मला नाही हसू आलं. आमच्या बॅचच्या तिघांना मिळालेल्या शाखा विलीनीकरणात अशाच नाहीशा झाल्या, आणि त्यासाठी बॉम्बसुद्धा लागला नाही. एक परिपत्रक पुरलं.

बाकीची पलटण थोडक्यात सांगतो. जोन्स खाटीक, सुदानच्या लढाईपासूनच्या आठवणी सांगणारा. सगळे सावधान झाल्यावर हा सावधान होतो आणि संकट आलं की ‘घाबरू नका’ असं सर्वांत घाबरून ओरडत पळतो. फ्रेझर स्कॉटिश, डोळे गरगरा फिरवून आता सगळं संपलं असं जाहीर करणारा. प्रेतांच्या पेट्यांचा धंदा असल्यामुळे त्याला तसं झालेलं चालणारही असतं. वॉकरकडे युद्धकाळातही साखर, व्हिस्की, पेट्रोल सगळं मिळतं. गॉडफ्री अतिसभ्य, नाजूक प्रकृतीचा, दर अर्ध्या तासाने जरा जाऊन येऊ का विचारणारा. आणि आमचा प्रतिनिधी, ज्युनिअर कारकून फ्रँक पाइक: सतरा वर्षांचा, छाती नाजूक म्हणून आईने गळ्यात मफलर गुंडाळून रणांगणावर पाठवलेला. या आईकडे विल्सनकाकांचं येणं-जाणं फार असतं. किती, ते पाइकला कधीच समजत नाही. गावाला मात्र पहिल्यापासून समजलेलं असतं.

१९७३च्या एका भागात ही पलटण जर्मन पाणबुडीचे खलाशी पकडते. जर्मन कप्तान मोठा तोऱ्यात वही काढतो. युद्ध जिंकल्यावर ज्यांच्याकडे बघायचं त्यांची यादी. पाइक हिटलरची टवाळी करणारं गाणं म्हणतो तेव्हा कप्तान दरडावून त्याचं नाव विचारतो. पाइकने नाव सांगू नये म्हणून मॅनरिंगसाहेब तत्परतेने ओरडून हुकूम देतात, आणि त्या हुकुमातच त्याचं नाव घेऊन मोकळे होतात. इंग्लंडात हा विनोद आज आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना पाठ आहे. कनिष्ठाला संकटातून वाचवण्याच्या भरात वरिष्ठाने त्याचं नाव रेकॉर्डवर आणणं, याच्यावर तर मी स्वतंत्र ग्रंथ लिहू शकेन.

पण मला या मालिकेने खरं धरून ठेवलं ते पडद्यामागच्या हिशेबाने. शेवटी कॉमर्सचा माणूस. ताळेबंद दिसला की टीपा आधी वाचतो. कॅप्टन मॅनरिंगचं काम करणारे आर्थर लो खऱ्या युद्धात सार्जंट-मेजरपर्यंत चढले होते. आणि त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं सार्जंट म्हणून उभे राहिलेले जॉन ल मेझुरिए खरे कॅप्टन होते. तेही कुठे? हिंदुस्थानात, सरहद्द प्रांतात. थरथरत्या जोन्सचं काम करणारे क्लाइव्ह डन सुरुवातीला अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे जवळजवळ माझ्या वयाचे. केस पांढरे करून ते सत्तरीचे झाले. सत्तरीचा सैनिक करून हसवणारा हा माणूस खऱ्या युद्धात चार वर्षं जर्मनांच्या कैदेत होता. जॉन लॉरी, म्हणजे फ्रेझर, पहिल्या महायुद्धात लढलेले आणि दुसऱ्यात खरोखरच्या होम गार्डात असलेले. जन्मभर शेक्सपिअर केला आणि नाव झालं ते या खुळचटपणामुळे, अशी त्यांची कुरकुर शेवटपर्यंत चालू होती म्हणे.

आणि आता जरा सावरून बसा, कारण आपण देवळालीला जाणार आहोत. होय, नाशिकजवळचीच. पेरीला युद्धाच्या शेवटी तोफखान्यातून हिंदुस्थानात पाठवलं ते देवळालीच्या छावणीत, तिथल्या सैनिकांच्या नाटकमंडळीत. घरी जायच्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने तिथं पडून राहिलेल्या गोऱ्या सैनिकांच्या डोक्यावर परिणाम व्हायचा, म्हणून डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणू लागले. म्हणजे आपल्या देवळालीने इंग्रजी भाषेला दिलेली ही देणगी. या अनुभवावर पेरी आणि क्रॉफ्ट यांनी दुसरी मालिका केली, ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. ती १९७४ ते १९८१ चालली, लोकप्रियही झाली. पण आज तुम्ही बीबीसी लावून बसलात तर ती दिसणार नाही. तिच्यात रंगीराम नावाच्या हिंदी नोकराचं काम एका गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून केलं होतं, आणि देवळालीच्या मातीवरचे लोक तिच्यात गोऱ्यांच्या गमतीपुरतेच होते. पेरीला शेवटपर्यंत ही मालिका सर्वांत आवडती होती आणि ती कपाटात ठेवल्याचा रागही होता. मी तिचे दोन-तीन भाग पाहिले. महाराष्ट्रातलं गाव म्हणून मोठ्या प्रेमाने बसलो होतो. पाहताना सारखं वाटत होतं, की या चित्रात आपला आजोबा असता तर तो पंखा ओढत असता. कपाट बंद आहे ते ठीकच आहे असं माझं मत झालं. त्याच दोघांनी स्वतःच्या गावातल्या म्हाताऱ्यांवर लिहिलं तेव्हा प्रत्येक म्हाताऱ्याला एक नाव, एक दुकान आणि एक दुखरी जागा दिली. दुसऱ्याच्या गावाबद्दल तेवढी फुरसत त्यांना मिळाली नसावी.

दुखरी जागा म्हटलं की मला गॉडफ्री आठवतो. १९६९च्या एका भागात तो पलटण सोडायचं म्हणतो. चौकशी करता कळतं, की पहिल्या महायुद्धात माणसं मारायला नकार देणाऱ्यांपैकी तो होता. झालं, ज्या सवंगड्यांबरोबर काल चहा घेतला ते आज त्याच्याकडे पाठ फिरवतात. मॅनरिंगसाहेब तर सर्वांत कडक. पुढे एका सरावात खोपटात धूर कोंडतो, मॅनरिंग आत अडकतात आणि हाच म्हातारा गुदमरत त्यांना बाहेर काढतो. मंडळी ओशाळून त्याला घरी भेटायला जातात. तिथं भिंतीवर त्याचं तरुणपणीचं चित्र, छातीवर शौर्यपदक. लढायला नकार दिला, पण जखमींना उचलायला गेला. सोमच्या रणभूमीवर गोळीबारात शिरून लोकांना बाहेर आणलं. मग पदक लावत का नाहीस? तर लावावंसं वाटलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

हे काम करणारे आर्नल्ड रिडली स्वतः सोमला होते. १९१६ साली तिथं त्यांच्या हातात संगीन घुसली, डोक्यात बंदुकीचा दस्ता बसला. डावा हात जन्मभर अधू राहिला. दुसऱ्या युद्धात पुन्हा भरती होऊन फ्रान्सला गेले, तिथून परत आल्यावर होम गार्डात. मालिका सुरू झाली तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. आता तो भाग लावला की भिंतीवरचं चित्र दिसायच्या आधीच मी चष्मा पुसायला घेतो. सौ. विचारतात, “अहो, विनोदी म्हणालात ना?”

तर अशी ही मालिका. ऐन भरात तिला एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास प्रेक्षक असायचे. आणि आता ऐका, बीबीसीने तिचं काय केलं. त्या काळी व्हिडिओटेप फार महाग, आणि पुसून पुन्हा वापरता यायची. नटांच्या संघटनेशी केलेल्या करारांमुळे कार्यक्रम मनाला येईल तेवढा परत दाखवता येत नसे. त्यात रंगीत टेलिव्हिजन आलं. मग कृष्णधवल जुन्या टेपा ठेवायच्या कशाला? पुसा! दुसऱ्या हंगामाचे सहा भाग होते, त्यांतले पाच पुसले गेले. रागावण्यापूर्वी मी बँकेचा माणूस म्हणून सांगतो, की पुसणाऱ्याचा तसा दोष नाही. आमच्याकडेही १९८५चे नियम आहेत: अमुक रजिस्टर पाच वर्षं, तमुक आठ वर्षं. मुदत संपली की रद्दी. एखाद्या कारकुनाचं मोत्यासारखं अक्षर होतं म्हणून नववं वर्ष कोणी देत नाही. बीबीसीच्या टेपखान्यातही माझ्यासारखाच कोणी बसलेला असणार. यादी पुढे, शिक्का हातात, साडेपाचच्या गाडीची घाई. त्याने नियमाप्रमाणे काम केलं. आपल्याकडेही दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातल्या किती कार्यक्रमांवर दुसरे कार्यक्रम चढले असतील! ‘चिमणराव’चं नाव काढलं की आमच्या वडिलांच्या चेहऱ्यावर आजही तेज येतं.

पाचांपैकी दोन भाग २००१ साली परत मिळाले. कोणा भल्या माणसाने टाकाऊ मालातून उचलून आणलेले फिल्मचे गंजके डबे वर्षानुवर्षं सांभाळून ठेवले होते. राहिले तीन. त्यांची कथा रेडिओच्या आवृत्तीत शिल्लक आहे. एका भागाचा नुसता आवाज सापडला, त्यावर २०१६ साली हलती चित्रं बसवली. २०१९ साली तर नवे नट घेऊन, जुन्या संहितेबरहुकूम तिन्ही भाग पुन्हा केले. कुठल्या जिवंत कार्यक्रमावर कोणी एवढी मेहनत घेत नाही.

आणि बाकीचे भाग? ते लागतच असतात. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर शनिवारी संध्याकाळी ही फौज कित्येक वर्षं न चुकता हजेरी लावत आली आहे. साडू सांगत होते, की त्यांच्या शेजारचं चाळिशीतलं जोडपं ती बघायचं. युद्धाच्या वेळी त्यांचे आईबापसुद्धा जन्मले नव्हते. मग त्यांना आठवण येते ती कशाची? मी यावर पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं, की इतर मालिका नव्या असतात आणि मग जुन्या होतात. ही पहिल्याच दिवशी जुनी होती. पहिला भाग सुरूच होतो १९६८च्या मेजवानीत, जिथं पिकलेले मॅनरिंगसाहेब भूतकाळाची गोष्ट काढतात. कपडे तेव्हाच जुने, चष्मे जुने, विनोद तर त्याहून जुने. त्यामुळे शिळं व्हायला काही उरलंच नाही. लोणच्याला कोणी शिळं म्हणतं का? शिवाय काळही थांबलेला. होम गार्ड साडेचार वर्षं चाललं आणि मालिका नऊ वर्षं. खऱ्या युद्धापेक्षा खोटं युद्ध लांबलं. पाइक शेवटपर्यंत आईच्याच मफलरमध्ये.

काळ थांबला तो पडद्यावर. पडद्याबाहेर ऑगस्ट १९७३ मध्ये वॉकर, म्हणजे जेम्स बेक, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या जागी दुसरा वॉकर आणला नाही. पलटणीत त्याच्या उभं राहण्याच्या जागेवर एक चिठ्ठी ठेवली, की तो कामासाठी लंडनला गेला आहे. रजेच्या अर्जाचा इतका सुंदर नमुना मी पाहिलेला नाही. १९८० साली लॉरी, १९८२ला लो, पुढच्या वर्षी ल मेझुरिए, १९८४ला रिडली. डन २०१२ पर्यंत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाइक, म्हणजे इयन लॅव्हेंडर, गेले. पहिल्या फळीतले सातजण संपले; सर्वांत शेवटी दिवे मालवून शाखा बंद करायचं काम नेहमीप्रमाणे ज्युनिअर कारकुनाकडे आलं. गावं मात्र ताजी आहेत. चित्रीकरण झालं त्या नॉरफोकमधल्या थेटफर्ड गावात २०१० साली कॅप्टन मॅनरिंगचा पुतळा बसवला. बाकावर बसलेला, शेजारी जागा मोकळी. जगात शाखाधिकाऱ्याचा दुसरा पुतळा असल्यास मला कळवावं. आमच्याकडे साहेबांची बदली झाली की नावाची पाटीसुद्धा आठवड्यात उतरते.

ते तीन भाग मात्र अजून बेपत्ता आहेत: एक वॉकरचा, एक फ्रेझरचा आणि एक सगळ्यांचा मिळून. मी आशा सोडलेली नाही. इंग्लंडात आता आपली मंडळी पुष्कळ झाली आहेत आणि जुनी घरं विकत घेऊ लागली आहेत. माझी एक मावसबहीण रेडिंगला राहते. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला की दादा, नवं घर घेतलंय, सन एकोणीसशे तीसचं आहे, माळा इतका भरलाय की सगळं फेकून देणार आहोत. मी तिला म्हटलं, “बाई गं, फेकण्याआधी गोल पत्र्याचे डबे आहेत का तेवढं बघ.” ती म्हणाली, “आहेत की एक-दोन. पण त्यात बिस्किटं असतील रे.” उघडून बघ म्हटलं तर म्हणाली, गंजलेत, हे घरी आले की उघडायला सांगते. तिचे हे अजून टूरवर आहेत.